इंग्रजी शब्दांचा योग्य वापर आणि शब्दकोशांचा अधिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतला एखादा शब्द योग्य अर्थाने वापरला आहे की नाही, यावरून शाळांत, अनुवादकांमध्ये आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वाद होतात, आणि शेवटी कोणीतरी शब्दकोश उघडतो. तरीही वाद मिटत नाही, कारण आपण शब्दकोशाकडे जो निर्णय मागतो, तो देण्याचे काम इंग्रजी कोशकारांनी निदान गेली दीडशे वर्षे स्वतःकडे घेतलेलेच नाही. पुढील प्रश्न शिक्षक, अनुवादक, मुद्रितशोधक आणि परीक्षार्थी यांना वारंवार पडतात, आणि त्यांची उत्तरे या एका गोष्टीच्या प्रकाशात वाचावीत.

इंग्रजी शब्दाचा कोणता वापर बरोबर, हे अधिकृतपणे कोण ठरवते?

कोणीही नाही. मराठी वाचकाला हे सहजासहजी पटत नाही, कारण आपला अनुभव वेगळा आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि पाठ्यपुस्तके व सरकारी लेखन त्यांना धरून होऊ लागले. त्या नियमांवर कितीही मतभेद असले, तरी बोट ठेवायला एक नियमावली आहे. फ्रेंच भाषेसाठी १६३५ पासून आणि स्पॅनिशसाठी १७१३ पासून अकादमी आहे. इंग्रजीतही अशी मागणी झाली होती. जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये भाषा सुधारून ती कायमची स्थिर करण्यासाठी विद्वानांचे मंडळ नेमावे, असा प्रस्ताव मांडला होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही.

अकादमी नसल्यामुळे तिची जागा हळूहळू शब्दकोशांनी, व्याकरणाच्या पुस्तकांनी आणि वर्तमानपत्रांच्या शैलीपुस्तिकांनी घेतली. यांपैकी कोणालाही कोणी सनद दिलेली नाही. त्यांचा अधिकार वाचकांच्या विश्वासावर उभा आहे, आणि हा विश्वास डळमळतो तेव्हा काय होते, ते १९६१ च्या प्रकरणात दिसते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मग शब्दकोशाचे काम नेमके कोणते?

लोक शब्द कसा लिहितात, कसा उच्चारतात आणि कोणत्या अर्थाने वापरतात, याची पुराव्यानिशी नोंद ठेवणे हे शब्दकोशाचे काम आहे. मात्र सुरुवातीपासून असे मानले जात नव्हते. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७४७ मध्ये आपल्या कोशाची योजना मांडली, तेव्हा भाषा स्थिर करणे हा तिचा एक उद्देश होता. १७५५ मध्ये बेचाळीस हजारांहून अधिक नोंदींचा कोश पूर्ण झाला, त्याच्या प्रस्तावनेत मात्र त्यांनी ही अपेक्षा अवाजवी असल्याचे स्वतःच मान्य केले. इतकी वर्षे शब्दांत घालवलेल्या माणसाने काम संपताना आपली मूळ धारणा बदलली आणि तसे छापून सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.

पुढे १८५७ मध्ये रिचर्ड ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की कोशकार हा भाषेचा इतिहासकार असतो. कोणता शब्द चांगला आणि कोणता वाईट, हे निवडणे त्याचे काम नाही. याच विचारातून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी जन्माला आली. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. चार लाख चौदा हजारांहून अधिक शब्दरूपे आणि सुमारे अठरा लाख अवतरणे त्यात आहेत. यातील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्या कोशाचा खरा आधार व्याख्या नसून तारखेसह दिलेली अवतरणे आहेत.

एखादा शब्द शब्दकोशात आहे, म्हणजे तो बरोबर आहे असे म्हणता येईल का?

नाही. तो पुरेशा लोकांनी, पुरेशा काळ, छापील किंवा अन्य लेखनात वापरला आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. शिव्या शब्दकोशात असतात, कालबाह्य शब्द असतात आणि सुशिक्षित लेखक टाळतात असेही शब्द असतात. ‘इररिगार्डलेस’ हा याचा नेहमीचा दाखला आहे. ‘रिगार्डलेस’ (‘कशाचीही पर्वा न करता’) पुरेसा असताना त्याला पुढे नकारार्थी उपसर्ग कशासाठी, हा आक्षेप जुना आहे आणि तर्काला धरून आहे. तरीही हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात सापडतो आणि मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या कोशात १९३४ पासून आहे. २०२० मध्ये त्यावरून पुन्हा गदारोळ झाला, तेव्हा अनेकांचा समज असा झाला की कोशाने त्या शब्दाला नव्याने मान्यता दिली आहे. प्रत्यक्षात नोंदीबरोबर तो अप्रमाण असल्याची खूण होती, आणि त्याऐवजी ‘रिगार्डलेस’ वापरावा असा सल्लाही होता. वाद घालणाऱ्यांनी नोंद शेवटपर्यंत वाचली असती, तर निम्मा वाद उरला नसता.

ही खूण हाच नोंदीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनौपचारिक, प्रादेशिक, जुना, अप्रमाण, अपमानकारक, भारतीय इंग्रजीतील अशा शब्दांत कोश आपले मत नोंदवत असतो. मोलसवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताळलेल्यांना अशा खुणा परक्या नाहीत, कारण शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हे तिथेही अक्षरखुणांनीच दाखवलेले असते. इंग्रजी कोशातील अर्थ पाहून खूण न पाहणे म्हणजे अर्धीच नोंद वाचणे होय.

नोंदीत पहिला दिलेला अर्थ हाच मुख्य अर्थ असतो का?

ते कोशावर अवलंबून आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आणि मेरियम-वेब्स्टर हे कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी येतो आणि तो आज प्रचलित असेलच असे नाही. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले कोश बहुधा सर्वांत प्रचलित अर्थ आधी देतात. आपल्या कोशाची पद्धत कोणती, हे त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेले असते.

१९६१ मध्ये वेब्स्टरच्या कोशावरून इतका मोठा वाद का झाला?

शब्दकोशाच्या अधिकाराविषयीचे सगळे गैरसमज या एका प्रकरणात एकत्र आले होते, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देणे आवश्यक आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील मेरियम या प्रकाशनसंस्थेने १९३४ मध्ये ‘वेब्स्टर’ नावाच्या आपल्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती काढली होती. घराघरांत, न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत ती प्रमाण मानली जात असे. तिच्यात शब्दांबरोबर भूगोल, चरित्रे आणि इतर ज्ञानकोशीय माहितीही होती. सप्टेंबर १९६१ मध्ये फिलिप गोव्ह यांच्या संपादनाखाली तिसरी आवृत्ती आली. सुमारे साडेचार लाख नोंदींच्या या आवृत्तीतून ज्ञानकोशीय भाग गाळला होता, सुमारे एक लाख नव्या नोंदी घातल्या होत्या आणि ‘बोलचालीतील’ या अर्थाची जुनी खूण पूर्णपणे काढून टाकली होती. गोव्ह यांचे म्हणणे असे होते की बोलताना वापरला जाणारा शब्द तेवढ्यावरून कमी प्रतीचा ठरत नाही, आणि संदर्भावाचून कोशकाराला ती रेघ ओढता येत नाही. अवतरणे केवळ थोर साहित्यिकांची न घेता समकालीन नियतकालिके आणि लोकप्रिय व्यक्ती यांच्याही बोलण्यातून घेतली होती.

वादाची ठिणगी ‘एन्ट’ (ain’t, ‘नाही’ या अर्थाचे बोलण्यातले रूप) या शब्दावरून पडली. दुसऱ्या आवृत्तीत तो प्रादेशिक बोलीतील किंवा अशिक्षितांचा असल्याची खूण होती. तिसऱ्या आवृत्तीत असे लिहिले होते की अनेकांना तो नापसंत आहे आणि कमी शिकलेल्यांच्या बोलण्यात तो अधिक आढळतो, तरी अमेरिकेच्या बहुतेक भागांत अनेक सुसंस्कृत माणसेही, विशेषतः एका ठरावीक वाक्प्रयोगात, तो तोंडी वापरतात. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात यातील पहिला अर्धा भाग गळला आणि दुसराच पुढे आला. वर्तमानपत्रांनी त्यावरून मथळे दिले. मूळ नोंद काळजीपूर्वक तोललेली होती, पण ती वाचण्यापूर्वीच मत बनले होते.

‘दि न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीयातून टीका केली आणि आपण दुसरीच आवृत्ती प्रमाण मानणार असल्याचे जाहीर केले. जानेवारी १९६२ च्या ‘दि अटलांटिक’ मासिकात विल्सन फॉलेट यांनी या कोशावर घातपाताचा आरोप केला, तर मार्च महिन्यात ‘दि न्यूयॉर्कर’मध्ये ड्वाइट मॅक्डॉनल्ड यांनी दीर्घ टीकालेख लिहिला. बर्गन इव्हान्स यांनी त्याच ‘अटलांटिक’मधून त्यांना उत्तर दिले आणि आजचा लेखक आज जी भाषा लिहितो ती १९३४ च्या कोशात पुरती सापडणे शक्यच नाही, हे दाखवून दिले.

दोन्ही बाजूंचे लेखन आज वाचले तर माझे मत गोव्ह यांच्या बाजूने झुकते, पण पूर्णपणे नाही. पुरावा गोळा करण्याची त्यांची पद्धत योग्य होती. मात्र वाचकाला शब्दाच्या सामाजिक वजनाचीही माहिती हवी असते, आणि तीसुद्धा वापराचीच माहिती आहे. एखादा शब्द लिहिल्यास अनेक सुशिक्षित वाचक नाक मुरडतील, हे जर निरीक्षणावर आधारलेले सत्य असेल, तर ते नोंदवणे हे वर्णनच आहे. ‘बोलचालीतील’ ही खूण काढल्याने ती माहिती वाचकाच्या हातून गेली, आणि टीकाकारांच्या संतापाच्या मुळाशी ही एक रास्त तक्रार होती.

त्या वादातून पुढे काय निष्पन्न झाले?

अमेरिकन हेरिटेज या प्रकाशनसंस्थेने आधी मेरियम कंपनीच विकत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर तिने स्वतःचा कोश तयार केला आणि तो १९६९ मध्ये बाजारात आला. त्यात सुमारे शंभर लेखक, संपादक आणि वक्ते यांचे एक सल्लागार मंडळ होते. वादग्रस्त शब्दांवर त्यांची मते मागवून किती जणांना तो वापर मान्य आहे, हे नोंदीखाली दिले जाई.

ही कल्पना मला उपयुक्त वाटते, कारण तिने मतभेद लपवला नाही, मोजून दाखवला. पण तिची मर्यादाही तिच्याच आकड्यांतून पुढे आली. ‘होपफुली’ हा शब्द ‘आशा आहे की’ या अर्थाने वापरावा का, यावर मंडळाचा विरोध काळाबरोबर ओसरण्याऐवजी आधी वाढला आणि नंतर कमी झाला. म्हणजे त्या काळात शब्दाच्या वापराइतकेच त्याविषयी बोलण्याचे वळणही बदलत होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये हा वापर मान्य केला, आणि २०१८ मध्ये ते सल्लागार मंडळ बंद करण्यात आले.

‘लिटरली’चा अर्थ आता ‘शब्दशः नव्हे’ असाही झाला आहे, हे खरे आहे का?

२०१३ मध्ये वर्तमानपत्रांनी अशा थाटात बातम्या दिल्या, जणू कोशकारांनी शरणागती पत्करली आहे. वस्तुस्थिती अशी की जोर देण्यासाठी, अलंकारिक विधानातही ‘लिटरली’ वापरल्याचे उदाहरण ऑक्सफर्डच्या कोशात १७६९ चे आहे, आणि मेरियमच्या कोशात हा वापर १९०९ पासून नोंदलेला आहे.

हा शब्द आपला अर्थ उलटा करतो, असे म्हणणेही नेमके नाही. ‘मी हसून हसून लिटरली मेलो’ असे म्हणणारा माणूस ‘मी अलंकारिक अर्थाने मेलो’ असे सांगत नसतो. तो केवळ जोर देत असतो, जसा ‘रिअली’ किंवा ‘व्हेरी’ या शब्दांनी देतात, आणि तेही मूळचे ‘खरे’ या अर्थाचेच शब्द आहेत. तरीही औपचारिक लेखनात हा वापर टाळावा, असे मी सांगेन. कारण वाचक त्या शब्दाशी अडखळतो आणि आपला मुद्दा बाजूला राहतो.

क्रियापदाचे मूळ रूप फोडू नये, वाक्य शब्दयोगी अव्ययाने संपवू नये, हे नियम कुठून आले?

शब्दयोगी अव्ययाविषयीचा आक्षेप जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये घेतला होता, आणि अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी तो पुढे चालवला. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात तर असा प्रयोग इंग्रजीच्या स्वभावातच आहे हे मान्य करून, गंभीर लेखनात तो टाळणे बरे, एवढेच म्हटले होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांतून सल्ल्याची ही सौम्यता गळून गेली आणि बंदी तेवढी उरली. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा आग्रह त्याहून नवा आहे. हेन्री अल्फर्ड यांनी १८६४ मध्ये त्याला बळ दिले. ब्रिटिश कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या सुप्रसिद्ध वापरकोशात या दोन्ही बाबतींत अंधश्रद्धेविरुद्धच मत दिले होते, आणि आपल्याकडे ज्या पिढीने त्यांचे नाव प्रमाण म्हणून घेतले, तिच्यातील अनेकांना हे माहीत नव्हते.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांतील भेदाचेही असेच आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ वापरावा, हे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये स्वतःची आवड म्हणून लिहिले होते. ‘लेस’चा मोजण्याजोग्या वस्तूंसाठीचा वापर नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या काळापासूनचा आहे. तरी आज सुशिक्षित वाचक हा भेद पाळण्याची अपेक्षा करतात. २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने आपल्या फलकावरील ‘लेस’ काढून ‘अप टू’ असा शब्दप्रयोग आणला, तो याच अपेक्षेपोटी. नियमाचा उगम दुबळा असला, तरी त्याची आजची ताकद खरी असू शकते, आणि लेखकाला दोन्ही ठाऊक असायला हवे.

शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असे मानणे योग्य आहे का?

हा युक्तिवाद करणारे बहुधा सोयीचा तेवढा इतिहास घेतात. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो, हा भेद जपावा असे सांगताना मूळ अर्थाची साक्ष काढली जाते. पण सतराव्या शतकातील पुरावा जवळजवळ उलट आहे: पहिला शब्द आधी ‘रस नसलेला’ या अर्थाने आढळतो आणि दुसरा ‘निःपक्षपाती’ या अर्थाने. आजचा भेद नंतर स्थिरावला. हा भेद उपयोगी आहे, आणि न्यायालयीन किंवा शैक्षणिक लेखनात मी तो आवर्जून पाळावा असे सांगतो. मात्र तो पाळण्याचे कारण आजची उपयुक्तता हे आहे. प्राचीनतेचा आधार घेतला, तर आपलीच बाजू कोसळते.

एका व्यक्तीसाठी ‘दे’ (they) हे सर्वनाम वापरणे हा नवा प्रकार आहे का?

अनिश्चित व्यक्तीसाठी एकवचनी ‘दे’ चौदाव्या शतकापासून वापरात आहे. नवे आहे ते इतकेच की स्वतःला पुरुष किंवा स्त्री या दोन्ही चौकटींत न बसवणाऱ्या ठरावीक व्यक्तीसाठीही तो वापरला जातो. मेरियम-वेब्स्टरने हा अर्थ २०१९ मध्ये कोशात घेतला. दरम्यानच्या काळात ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम सर्वांसाठी वापरावे, असा आग्रह व्याकरणाच्या पुस्तकांनी धरला. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये कायद्यांच्या भाषेपुरता तसा नियमही केला. त्याचा वारसा आपल्याकडे अजून आहे: १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १३ नुसार कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. म्हणून इंग्रजी कायद्याचा मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘ही’ दिसताच केवळ पुरुष असा अर्थ घेऊ नये.

ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेब्स्टर यांत फरक आढळल्यास कोणाचे ऐकावे?

दोन्ही कोश बहुधा वेगवेगळ्या देशांतील वापर सांगत असतात, त्यामुळे आपण कोणासाठी लिहितो आहोत, हे आधी ठरवावे. नोआ वेब्स्टर यांनी १८०६ आणि १८२८ च्या कोशांतून ‘ऑनर’, ‘सेंटर’ यांसारख्या शब्दांची अमेरिकन वर्णरचना रूढ केली, आणि भारतातील शालेय व सरकारी लेखन ब्रिटिश वर्णरचनेला धरून आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते.

येथे एक गैरसमज मात्र आवर्जून दूर करण्याजोगा आहे. ‘ऑर्गनाइझ’, ‘रिअलाइझ’ यांसारखे शब्द झेड अक्षराने लिहिले की ते अमेरिकन झाले, असे आपल्याकडील अनेक शिक्षक मानतात आणि विद्यार्थ्यांचे गुण कापतात. ऑक्सफर्डचे कोश स्वतः झेडला प्रथम पसंती देतात, कारण तो प्रत्यय मुळात ग्रीक आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या लेखनातही हीच पद्धत आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रे बहुधा एस वापरतात. म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी, एवढीच अट आहे. ‘अॅडव्हर्टाइझ’, ‘सुपरवाइझ’ यांसारख्या काही शब्दांत मात्र तो प्रत्ययच नसल्यामुळे तेथे एसच लिहावा लागतो. अशा ठिकाणी गुण कापले गेल्यास विद्यार्थ्याने ऑक्सफर्डची नोंद नम्रपणे शिक्षकांपुढे ठेवावी.

आणखी एक सूचना. ‘वेब्स्टर’ हे नाव अमेरिकेत कोणताही प्रकाशक आपल्या कोशाला देऊ शकतो, कारण न्यायालयीन निर्णयांनंतर त्यावर एकाच कंपनीचा हक्क उरला नाही. म्हणूनच मूळ कंपनीने १९८२ मध्ये मेरियम-वेब्स्टर हे जोडनाव घेतले. केवळ ‘वेब्स्टरमध्ये असे आहे’ या विधानावरून कोणता कोश अभिप्रेत आहे, ते कळत नाही.

‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘डू द नीडफुल’ हे चुकीचे इंग्रजी आहे का?

ते भारतीय इंग्रजी आहे, आणि चुकीचे इंग्रजी हा त्याहून वेगळा आरोप आहे. ‘डू द नीडफुल’ हा ब्रिटिशांच्याच कचेऱ्यांतील रुळलेला प्रयोग होता. तिकडे तो मागे पडला आणि आपल्याकडे टिकला. ‘आउट ऑफ स्टेशन’ छावण्या आणि ठाणी यांच्या काळातला आहे. ‘प्रीपोन’ हा ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर नियमानुसार बनलेला, गरजेचा आणि नेमका शब्द आहे, आणि ऑक्सफर्डच्या कोशांत तो नोंदलेला आहे. ‘रिव्हर्ट’ हा ‘उत्तर देणे’ या अर्थाने मात्र जपून वापरावा, कारण लंडन किंवा न्यूयॉर्कमधील वाचक त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा घेईल आणि पत्राचा हेतूच हुकेल.

ए. एस. हॉर्नबी यांचा जो विद्यार्थिकोश आपल्या शाळा-महाविद्यालयांत सर्वाधिक ओळखीचा आहे, तो प्रथम १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने येऊ लागला. त्याच्या २०२० च्या दहाव्या आवृत्तीत आधार, डबा, हरताळ, शादी यांबरोबर आपली मुंबईची ‘चाळ’ही इंग्रजी शब्द म्हणून दाखल झाली. गिरगाव-परळच्या इंग्रजी बातम्यांत तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या छापला जात होता. कोशाने ते उशिरा का होईना नोंदवले. आपल्या इंग्रजीची लाज वाटणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा: आधी लोकांनी वापरले, मग कोशाने घेतले.

न्यायालये शब्दकोश अंतिम मानतात का?

मानत नाहीत, आणि मानू लागतात तेव्हा अडचणी उभ्या राहतात. टोमॅटो हे फळ की भाजी, हा प्रश्न आयातकरामुळे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८९३ मध्ये आला. वकिलांनी कोश वाचून दाखवले. न्यायालयाने ते पुरावा म्हणून न स्वीकारता केवळ स्मृतीला आणि आकलनाला साहाय्य म्हणून घेतले, आणि बाजारातील व जेवणातील रोजच्या वापरानुसार टोमॅटोला भाजी ठरवले.

त्याच न्यायालयात १९९४ मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या एका वादात ‘मॉडिफाय’ या शब्दाचा अर्थ निर्णायक ठरला. वेब्स्टरच्या त्याच तिसऱ्या आवृत्तीत ‘मूलभूत बदल करणे’ असा एक अर्थ होता. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी तो नाकारला, कारण इतर कोशांत तसा अर्थ नव्हता आणि संबंधित कायदा १९३४ चा, म्हणजे त्या आवृत्तीच्या बराच आधीचा होता. यातील दुसरे कारण मला निर्विवाद वाटते: मजकूर ज्या वर्षीचा, त्या काळचा कोश पाहावा. जुने करारनामे आणि इच्छापत्रे अनुवादित करणाऱ्यांनी ही सवय अंगी बाणवावी.

शब्दकोशात चुका असतात का?

असतात. १९३४ च्या वेब्स्टरमध्ये ‘डॉर्ड’ हा ‘घनता’ या अर्थाचा शब्द छापला गेला, जो कधी अस्तित्वातच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकाने पाठवलेल्या चिठ्ठीवर, मोठा किंवा लहान डी हे घनतेचे संक्षिप्त रूप आहे, अशी नोंद होती. ती चिठ्ठी शब्दांच्या ढिगात गेली आणि ‘डी ऑर डी’ एकत्र वाचले गेले. त्या शब्दाला व्युत्पत्ती नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले. ऑक्सफर्डच्या पहिल्या आवृत्तीत याच्या उलट घडले: ‘बाँडमेड’ शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्यामुळे तो छापायचाच राहिला आणि १९३३ च्या पुरवणीत आला.

दबाव आणून शब्दकोशातील अर्थ बदलता येतो का?

केवळ दबावाने सहसा नाही. कमी पगाराच्या, बढतीची आशा नसलेल्या कामासाठी रूढ झालेल्या ‘मॅकजॉब’ या शब्दाची व्याख्या बदलावी, अशी मोहीम मॅक्डॉनल्ड्सने २००७ मध्ये ब्रिटनमध्ये चालवली होती; ऑक्सफर्डने आपली नोंद वापरावरच आधारलेली ठेवली. मात्र वापर खरोखर बदलला असेल, किंवा जुन्या व्याख्येत पूर्वग्रह शिरलेला असेल, तर कोश नोंदी सुधारतात, आणि तसे त्यांनी केलेच पाहिजे. लहान मुलांच्या कोशात तर निवडीचाच प्रश्न असतो. २००७ च्या ऑक्सफर्ड ज्युनियर डिक्शनरीतून ‘एकॉर्न’, ‘ब्लूबेल’ असे निसर्गातले शब्द गळले, तेव्हा अनेक लेखकांनी २०१५ मध्ये जाहीर पत्र लिहून निषेध केला. मला त्यांची तक्रार रास्त वाटते, कारण मुलांचा कोश जागेअभावी निवडक असतो आणि ती निवड करणारा संपादक केवळ नोंदकर्ता राहत नाही.

परीक्षेत किंवा कार्यालयात वाद झाल्यास काय करावे?

परीक्षेत मंडळाचे पाठ्यपुस्तक जे सांगते, तेच लिहावे. भाषेचा इतिहास उत्तरपत्रिकेत मांडण्यात विद्यार्थ्याचे नुकसान आहे. कार्यालयात किंवा प्रकाशनात एक कोश, त्याची एक आवृत्ती आणि एक शैलीपुस्तिका ठरवून ती लेखी कळवावी. असे ठरवले की निर्णय ‘इंग्रजीत काय बरोबर’ यावर अवलंबून राहत नाही, तर ‘आपल्या मजकुरात काय चालते’ यावर येतो, आणि या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असते. वाद घालताना कोशाचे नाव, आवृत्ती, अर्थाचा क्रमांक आणि त्यापुढील खूण, एवढे चारही तपशील सांगावेत. शोधयंत्राने वर दाखवलेली दोन ओळींची व्याख्या प्रमाण म्हणून देऊ नये, कारण तिच्यात बहुधा अवतरणे आणि वापराविषयीची टीप नसते.

सामान्य वाचकाला कोशकारांना काही सुचवता येते का?

येते, आणि मराठी वाचकांनी ते करावे असे मला मनापासून वाटते. मरे यांनी १८७९ मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना आवाहन केले आणि त्यांच्याकडे जगभरातून अवतरणांच्या लक्षावधी चिठ्ठ्या आल्या; तो कोश मोठ्या प्रमाणावर त्या बिनपगारी वाचकांच्या श्रमातून उभा राहिला. आजही ऑक्सफर्ड आपल्या संकेतस्थळावरून वाचकांच्या सूचना घेते. तिथे मताला फार किंमत नसते, पुराव्याला असते. एखादा भारतीय इंग्रजी शब्द कोशातील तारखेच्या आधी छापलेला सापडला, तर पूर्ण वाक्य, प्रकाशनाचे नाव, तारीख, पान आणि शक्य असल्यास त्या पानाचे छायाचित्र पाठवावे. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वर्तमानपत्रे, गॅझेटियर आणि सरकारी अहवाल आहेत, आणि ते कोशकाराच्या नजरेने वाचणारे लोक अद्याप फार थोडे आहेत.